आत लोकांच्या म्हशी आहेत

“कम्प्युटरला एवढी थंडी कशापायी लागती गं? माजावर आलाय काय त्यो?”

मंदाआत्याने हे इतक्या गंभीरपणे विचारलं की जुबेरला हसू आवरेना. तो गोठ्याच्या खांबाआड गेला आणि म्हैस निरखून बघत असल्याचं सोंग करू लागला. म्हैसही त्याला निरखून बघत होती.

“तापतो गं तो,” मी म्हणाले. “जास्त पळवला की तापतो, तापला की चुकतो, आणि चुकला की बंद पडतो. म्हणून गार करायचा.”

“मंग पळवायचाच कशाला? चालतोय तेवढा चालू द्यावा की.”

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि जगातली कुठलीही वस्तू ती बनवणाऱ्याने सांगितलेल्या वेगाने चालवायची ही गोष्ट मला अपमानासारखी वाटायची. प्रोसेसर कारखान्यातून ठरावीक वेग घेऊन येतो. त्याला थोडी जास्त वीज द्यायची, वेग थोडा वाढवायचा, चालतोय का बघायचं, पुन्हा वाढवायचा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मेमरीलाही त्याच्या जोडीने पळवावं लागतं, ती बैलजोडीच. एक पळाला आणि दुसरा रेंगाळला की गाडी उलटते आणि पडदा निळा पडतो. माझ्या घरच्या पडद्यावर तो निळा रंग इतक्यांदा यायचा की आईला तो कम्प्युटरचा मूळ रंग वाटायचा.

जुबेर तांबोळी माझ्या वर्गातला. मी वेग वाढवायची, तो मशीन पुन्हा जिवंत करायचा, अशी आमची वाटणी. पुण्यात एका कॉलेजात ओव्हरक्लॉकिंगची स्पर्धा होती आणि आम्ही दोघांनी नाव दिलं होतं. बक्षिसाच्या ढालीचं मला काही पडलं नव्हतं. बंगळूरची एक कंपनी चिपा तपासायची, तिथल्या एक बाई परीक्षक म्हणून येणार होत्या, आणि स्पर्धकांतला एक जण त्या आपल्या प्रयोगशाळेत काम शिकायला नेणार होत्या. आमच्या कॉलेजात नोकऱ्या द्यायला कोणी येत नसे. आलंच तर वीटभट्टीचं कॅलेंडर द्यायला यायचं. ती एक जागा सोडली तर मला संगमनेरच्या बाहेर नेणारी दुसरी वाट दिसत नव्हती, आणि ती जागा मला इतकी हवी होती की जेवताना घास तोंडात फिरायचा.

अशा स्पर्धेत प्रोसेसर गार करायला द्रवरूप नायट्रोजन वापरतात. प्रोसेसरवर तांब्याचं जाड भांडं बसवायचं आणि त्यात तो ओतत राहायचा. भांडं आम्ही एमआयडीसीत लेथवर करून घेतलं. स्पर्धेच्या दिवशीचा नायट्रोजन आयोजक देणार होते. पण सरावाला? आम्ही दोन-तीन कंपन्यांत विचारलं. एका ठिकाणी रखवालदारानेच हाकललं. मग जुबेर म्हणाला, “सारिका, तुझी आत्या म्हशींसाठी ते बाटलीतलं धुकं घेऊन फिरते, ते काय असतं?”

मी कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मंदाआत्या कृत्रिम रेतनाचं काम करायची. गाय किंवा म्हैस माजावर आली की शेतकऱ्याचा फोन यायचा, आणि आत्या मोपेडवर पायाशी अॅल्युमिनिअमचा कंटेनर ठेवून निघायची. घागरीएवढा कंटेनर, अरुंद मानेचा. आत नायट्रोजन, आणि त्याच्या जीवघेण्या गारठ्यात बुडवलेल्या चांगल्या वळूंच्या रेताच्या कांड्या, पेनच्या रिफिलीसारख्या बारीक. नायट्रोजनची पातळी खाली गेली की कांड्या वाया. दिसायला तशाच दिसायच्या, पण म्हैस गाभण राहायची नाही, आणि शेतकऱ्याचं एक वेत, म्हणजे पारडू आणि दूध दोन्ही, हातचं जायचं. म्हणून आत्या रोज सकाळी देवपूजेआधी कंटेनर बघायची. लाकडाची एक पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत दोनदा हलवायची. जिथपर्यंत नायट्रोजन असेल तिथपर्यंत पट्टीवर पांढरं दव चढायचं. पट्टीवर बुडापासून चार बोटांवर तिने विळ्याने खूण केली होती. दव त्या खुणेच्या खाली उतरता कामा नये, एवढा एकच नियम.

बाईमाणसाने हे काम करायचं हे सुरुवातीला गावाच्या पचनी पडलं नव्हतं. त्यातून गावात हेच काम करणारा आधीचा माणूस होता, रंगनाथ कानवडे. त्याने चावडीवर सांगून टाकलं होतं, “बाईच्या हाताला म्हैस लागत नसती.” लागत नसती म्हणजे गाभण राहत नाही. झालं. त्या दिवशी आत्याने भर रस्त्यात ऐकवलं, “या माणसाच्या दारचं पाणी पिईन तर नावाची मंदा नाही!” पुढे तिच्या हाताला म्हशी लागल्या, आणि चांगल्या लागल्या, पण ती शपथ काही उतरली नाही. त्याच्या गल्लीतून जायची वेळ आली तर आत्या वळसा घालून ओढ्याकडून जायची.

तर त्या दिवशी गोठ्यात आम्ही मशीन उघडंच मांडलं होतं, कडबा कापायच्या यंत्राच्या फळीवर. आत्याने कंटेनर अलगद कलंडवून आमच्या स्टीलच्या थर्मासात नायट्रोजन दिला. कंटेनरला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे. मग पट्टी बुडवली, हलवली आणि माझ्यासमोर धरली. दव खुणेच्या जरासं वर होतं.

“बास. याच्या खाली मागायचं नाही.”

“आत्या, एवढंसंच राहिलंय, अजून एक कप...”

“आत लोकांच्या म्हशी हायेत,” आत्या म्हणाली आणि झाकण लावून टाकलं.

मला हसू आलं. पण तिच्या तोंडाकडे बघून मी हसले नाही.

त्या सरावात एक घोटाळा झाला, तोही सांगते. भांडं गार पडलं की त्याच्याभोवती दव धरतं, त्याचं पाणी होतं, आणि पाणी मदरबोर्डवर उतरलं की खेळ खलास. म्हणून बोर्डावर व्हॅसलिन थापतात. आमची डबी संपली. आत्या लगेच घरात गेली आणि एक मोठा डबा घेऊन आली.

“हे लाव. तुमच्या त्या डबीपरीस भारी. म्हशीच्या सडांना लावते मी. कितीबी थंडी पडू दे, चीर म्हणून पडत नाही.”

जुबेरने डब्याचा वास घेतला, बोटांवर चोळून बघितलं, आणि आम्ही दोघांनी ते मेमरीच्या खाचांभोवती सढळ हाताने माखलं. म्हशीच्या कासेचं मलम पाण्यात घोटलेलं असतं, त्यातून वीज खुशाल फिरते, हे तेव्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. बटण दाबलं. चट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. म्हैस तेवढी फुरफुरली.

मेमरीच्या दोन खाचा कायमच्या गेल्या. मशीन चालत होतं, पण अर्ध्या मेमरीवर.

आत्या बराच वेळ डब्यावरची अक्षरं वाचत बसली. माफी वगैरे शब्द तिला जमत नसत. आम्ही सामान आवरलं तेव्हा तिने विचारलं, “तिथं पुण्यात नायट्रोजन ते देणार हायेत ना? नक्की?”

“हो गं. मोठं कॉलेज आहे ते.”

“मोठ्या लग्नातच मीठ इसरत्यात,” आत्या म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी संगमनेरच्या स्टँडवर बघते तर आत्या उभी. डोक्यावरून पदर, हातात जेवणाची पिशवी, आणि पायांच्या मधे कंटेनर, गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधलेला.

“तू येणार होतीस ते ठीक, पण हा कशाला?”

“घरी कुणाच्या जिवावर ठेवू? कांड्या हायेत आत. आणि येताना आळेफाट्याला एकीची म्हैस बघायची हाय.”

एसटीत तिने तो खिडकीशी ठेवला आणि स्वतः आडवी बसली. नारायणगावला एक जाडजूड माणूस चढला, त्याचा पाय गोणपाटाला लागला. आत्या कडाडली, “ए दादा, पाय काढ! आत जीव हायेत!” तो माणूस इतका घाबरला की मंचरपर्यंत उभाच राहिला. जुबेर मांडीवर मशीन धरून बसला होता. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात वेग वाढवत होते.

हॉलमध्ये बाकीची मंडळी एकसारखे काळे टी-शर्ट घालून आली होती, पाठीवर नावं छापलेली. आमच्या टेबलावर मशीन, थर्मास आणि आत्याने दिलेला भाकरीचा डबा. आत्या भिंतीकडच्या खुर्चीत बसली, कंटेनर पायांशी. परीक्षक बाईंचं नाव वसुंधरा हेगडे. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात नुसती पेन्सिल. त्यांनी नियम वाचून दाखवला. आपण ठरवलेल्या वेगावर मशीनने एक लांबलचक गणित सोडवायचं, लागोपाठ तीन वेळा. मधे अडखळलं, चुकलं, बंद पडलं तर बाद. वेग कितीही मोठा असो, तिन्ही वेळा टिकला तरच मोजायचा.

चिठ्ठ्या टाकल्या, आमचा नंबर शेवटचा आला.

आणि आत्याचं मीठ खरं ठरलं. नायट्रोजनची गाडी अर्धीच भरून आली होती. हे आयोजकांना माहीत होतं, पण त्यांनी पहिल्या मंडळींना सांगितलंच नाही, आणि पहिल्या मंडळींनी तो लग्नातल्या पाण्यासारखा वापरला. हॉलभर धूर, टाळ्या, फोटो. एका पुणेकर जोडीचा वेग आमच्या ठरवलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे होता. पण तिसऱ्या वेळी त्यांचा पडदा निळा पडला. दुसऱ्या एका चमूने हौसेने इतका ओतला की प्रोसेसर गारठून मुका झाला, तो उठलाच नाही. एकामागून एक सगळे बाद होत होते. नाशिकची एक जोडी तेवढी तिन्ही वेळा टिकली.

आमच्यापाशी येईतो टाकीत ठणठणाट. आयोजकांतला एक मुलगा आला आणि म्हणाला, “सॉरी, संपलाय. तुम्ही बर्फावर करून बघा ना. नाहीतर नुसता पंखा लावा.”

माझे डोळे भरून आले. मी रडत नसते सहसा; पण तेव्हा समोर ती एकच जागा होती आणि ती टाकीच्या तळासारखी कोरडी दिसत होती. जुबेर त्या मुलाशी भांडायला लागला. त्याचा काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात मागे सुतळी सोडल्याचा आवाज आला. आत्या खाली बसून गोणपाट उलगडत होती. कंटेनरच्या मानेवर, कांड्या ज्यात ठेवतात त्या नळकांड्यांचे हुक नेहमीसारखे अडकवलेले होते. तिने पट्टी आत घातली, हलवली आणि माझ्यापुढे धरली. दव खुणेच्या बरंच वर चढलं होतं.

“हे वरचं तुझं,” ती म्हणाली, आणि खुणेवर अंगठा ठेवला. “हितनं खाली लोकांचं.”

“आत्या, उद्या तुला लागला तर?”

“उद्याचं उद्या. पण चार बोटं राहिलीच पायजेत, सारिके. बजावून सांगते. आत लोकांच्या म्हशी हायेत.”

हेगडेबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आयोजकांना विचारलं, आपला नायट्रोजन आणलेला चालतो का. नियमात तसं कुठे नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी चालेल म्हणून मान हलवली.

मी पट्टीकडे बघितलं. मनात जो वेग घेऊन मी आले होते त्याला हा नायट्रोजन एका वेळेपुरता होता. तीन वेळा नाही. माझा स्वभाव असा की हे कळूनही एरवी मी तोच वेग लावला असता, आणि मग नशिबाला शिव्या दिल्या असत्या. पण त्या खुणेच्या खाली कुणा भागाबाईची, कुणा सखारामची म्हैस उभी होती. मी खुर्चीवर बसले आणि वेग खाली आणला. जुबेर चकित होऊन बघत राहिला.

“अजून खाली?”

“अजून एक पायरी. वीजही कमी कर. आणि मेमरीला जरा मोकळा श्वास घेऊ दे, ती अर्धीच आहे बिचारी.”

“सारिका, तुला ताप आलाय का?”

आत्याने खुणेवरचा सगळा नायट्रोजन आमच्या थर्मासात ओतून दिला. पहिलं गणित सुटलं. मी थर्मासातून धारेने नाही, थेंबाथेंबाने ओतत होते. दुसरंही सुटलं. हॉलमधला गोंगाट कमी झाला; लोक आमच्या टेबलाभोवती गोळा झाले. तिसऱ्या वेळी निम्म्याच्या पुढे गेल्यावर थर्मास रिकामा झाला. तापमापकावरचा आकडा वर सरकू लागला. हळूहळू, पण सरकू लागला.

“अर्धा कप,” जुबेर माझ्या कानाशी म्हणाला. “फक्त अर्धा कप घे. अर्ध्या कपाने काय होतंय?”

मी आत्याकडे वळले. ती कंटेनर घेऊन माझ्या अगदी शेजारी उभी होती. तिने पुन्हा पट्टी घातली, काढली. दव बरोबर खुणेवर होतं. तिने नाही म्हटलं असतं तर मी वाद घातला असता, हातापाया पडले असते. तिने नुसती पट्टी माझ्यापुढे धरली.

“नको,” मी जुबेरला म्हणाले.

आणि मग आम्ही नुसते बसून राहिलो. आकडा वर चढत होता, गणित पुढे जात होतं. जुबेर ओठांत काहीतरी पुटपुटत होता. पडदा एकदा थरथरला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले ते टाळ्यांच्या आवाजाने. गणित सुटलं होतं.

हेगडेबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या पुढे आल्या, आत्याच्या हातातली पट्टी त्यांनी मागून घेतली, दव आणि खूण नीट बघितली.

“इसमें तो अभी बाकी है,” त्या मला म्हणाल्या. “फिर क्यों रुकी?”

मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्या हिंदीची मुळात बोंब. मी म्हणाले, “मॅडम, अंदर लोगों की भैंसें हैं.”

सगळा हॉल हसला. काळे टी-शर्ट तर एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. हेगडेबाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्थ विचारला. मी तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं: कांड्या, खूण, चार बोटं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी आत्याला नमस्कार केला आणि आत्याने कंटेनर काखेत धरूनच त्यांना नमस्कार केला.

ढाल नाशिकच्या जोडीला मिळाली. त्यांचा वेग आमच्याहून जास्त होता आणि तोही टिकला होता. प्रयोगशाळेची जागा मला मिळाली. ती जाहीर करताना हेगडेबाईंनी एवढंच सांगितलं, की जोरात पळवणारे त्यांच्याकडे भरपूर आहेत, कुठे थांबायचं ते कळणारं माणूस त्या शोधत होत्या. मी जुबेरकडे बघितलं. जागा एकच होती. तो म्हणाला, “म्हशी तुझ्या, जागा तुझी,” आणि भाकरीचा डबा उघडून बसला.

परतीच्या गाडीत आत्या गाढ झोपली, पण एक हात झाकणावर होता. आळेफाटा आला तेव्हा मी तिला हलवलं.

“आत्या, इथं म्हैस बघायची होती ना?”

“फोन आला व्हता. माज उतरला म्हनं,” आत्या डोळे न उघडता म्हणाली.

फोन कधी आला ते मी विचारलं नाही. मी माझ्याच आनंदात होते.

मी बंगळूरला गेले आणि तिथलीच झाले. आज त्याच प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली माणसं आहेत. आम्ही चिपा आणि मेमरी तपासतो, त्या कुठे तुटतात ते बघतो, आणि मग त्याच्या किती अलीकडे थांबायचं ते ठरवतो. त्या अलीकडच्या मोकळ्या जागेला पुस्तकात वेगळं नाव आहे. आमच्या प्रयोगशाळेत तिला म्हैस म्हणतात. हेगडेबाईंनीच ती गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. अस्सल कानडी आणि तमिळ माणसं मान डोलावत एकमेकांना विचारतात, “म्हैस ठेवली ना?” आणि नवीन आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात ती पट्टीची गोष्ट ऐकावी लागते.

गेल्या वर्षी आत्याने काम सोडलं. गुडघे ऐकेनात. गावाने तिचा सत्कार ठेवला होता, म्हणून मी रजा काढून गेले. ज्या चावडीवर तिच्या हाताची चेष्टा झाली होती तिथेच तिला साडी आणि नारळ दिला. पंगतीत माझ्या शेजारी एक म्हातारा येऊन बसला. अंगात स्वच्छ पांढरी बंडी, कानात ऐकायचं यंत्र. मी ओळखलं नाही.

“तू सारिका ना? कम्प्युटरवाली? मी रंगनाथ कानवडे.”

माझा हात ताटातच थांबला. मी पटकन आत्या कुठे आहे ते बघितलं. म्हातारा हसला.

“भांडण कव्हाच मिटलं, पोरी. तुझ्यापायीच मिटलं. तुला ठावं न्हाई?”

“माझ्यापायी?”

“तू पुण्याला गेलतीस ना शर्यतीला? त्याच्या आदल्या दिशी सांजच्याला मंदाबाई माझ्या दारात. मी म्हनलं, सूर्य कुठनं उगवला? म्हनली, नाना, माझ्या समद्या कांड्या तुमच्या कंटेनरात ठिवा दोन दिस. पोरीला माझा डबा न्यायचाय. मोकळा पायजे.”

वाढपी माझ्यासमोर जिलेबी घेऊन उभा होता, तो कंटाळून पुढे गेला.

“म्हनलं, ठिवतो, पर आधी बस. बसली. म्हनलं, पानी पी. तिनं एकडाव माझ्याकडं बघितलं, आन् घटाघटा पेली बघ तांब्याभर. मीच बोललो मग. म्हनलं, मंदाबाई, त्या चावडीवरच्या बोलन्याची मला लाज वाटती. मंग कांड्या माझ्याकडं बुडवल्या आन् मोकळी नळकांडी परत तिच्या डब्यात अडकवली. म्हनलं, मोकळी कशाला नेतीस? म्हनली, असू द्या.” त्याने पाण्याचा घोट घेतला. “दुसऱ्या दिशी तिच्याकडच्या भागाबाईची म्हैस माजावर आली. मी गेलो, तिचीच कांडी भरली, आन् भागाबाईला सांगून आलो, ही मंदाबाईची म्हनून. लागली म्हैस. बाईच्या हाताला न्हाई, माझ्या हाताला लागली,” म्हातारा खदखदून हसला आणि त्याला ठसका लागला.

जेवणं झाल्यावर मी आत्याच्या घरी गेले. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती, सत्काराची साडी घडी घालून मांडीवर. मी तिच्या पायांशी बसले आणि गुडघ्यांना तेल चोळायला घेतलं.

“आत्या, पुण्याच्या दिवशी कंटेनरात एकही कांडी नव्हती.”

“रंग्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई.”

“मग चार बोटं कशाला राखायला लावलीस? सगळाच माझ्यासाठी आणलेला ना? मी तिथं मरत होते अर्ध्या कपासाठी!”

“अगं, सगळा तुझा म्हनले असते तर तू सगळा वतून मोकळी झाली असतीस. न्हानपनी स्वतःची सायकल हिरीत घातलीस, पाटी फोडलीस, एक चप्पल धड ठिवली न्हाईस. आन् शेजारच्या जनाबाईंनी तुपाची बरणी दिली हातात, तर गावाच्या या टोकापास्नं त्या टोकापर्यंत थेंब सांडला न्हाईस. तुला आपलं काय जपायचं कळत न्हाई, सारिके. लोकाचं म्हनलं की जपतीस.” ती साडीच्या काठावरून हात फिरवत राहिली. “आन् म्या तुझ्या त्या कम्प्युटरला मलम लावून मातेरं केलंच व्हतं. एवढं तरी करायला नको?”

मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. माझी सगळी नोकरी, माझं घर, माझ्या हाताखालची ती हुशार मुलं, हे सगळं त्या एका तांब्याभर पाण्यावर उभं होतं, आणि मला इतकी वर्षं त्याचा पत्ता नव्हता. मी रडत होते ते तिला आवडलं नसावं. तिने माझ्या पाठीवर एक चापट मारली.

“तेल गरम करून आण जरा. गारठलंय.”

सोमवारी मी बंगळूरला परत कामावर गेले. नवीन मुलं आली होती आणि माझ्या हाताखालचा मुरुगन त्यांना पट्टीची गोष्ट रंगवून सांगत होता. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, “खरं ना, मॅडम? आत लोकांच्या म्हशी होत्या?”

“होत्या तर,” मी म्हणाले.

डबा मोकळा होता हे मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.